सोडियमचा अकरावा इलेक्ट्रॉन

भाताचं पाणी उतू जातं आणि गॅसची निळी ज्योत एकदम पिवळीधमक होते. भातात मीठ असेल तर हा पिवळा जास्तच ठसठशीत. आपण धावत जाऊन गॅस बारीक करतो, ओटा पुसतो आणि पुढच्या कामाला लागतो. पण त्या दोन क्षणांत अणूच्या आत घडणारी एक घटना आपण उघड्या डोळ्यांनी पाहिलेली असते. अणू दिसत नाही, हे खरं. त्याच्या आतली ही हालचाल मात्र दिसते. ज्योतीच्या आचेने मिठाचे कण फुटतात, त्यातल्या सोडियमचे अणू सुटे होतात आणि अशा अणूतला एक इलेक्ट्रॉन, नेमका सांगायचा तर अकरावा, उष्णता घेऊन वरच्या ऊर्जापातळीवर चढतो. तिथे तो टिकत नाही. सेकंदाच्या एक कोट्यंशापेक्षाही कमी वेळात तो खाली येतो आणि घेतलेली ऊर्जा प्रकाशाच्या रूपात टाकून देतो. दोन पातळ्यांमधलं अंतर ठरलेलं, म्हणून रंगही ठरलेला: ५८९ नॅनोमीटर तरंगलांबीचा पिवळा. जगातल्या कुठल्याही स्वयंपाकघरात तोच. रस्त्यावरच्या जुन्या सोडियम व्हेपरच्या दिव्यांचा पिवळा उजेडही याच इलेक्ट्रॉनमुळे पडायचा.

रसायनशास्त्राची पहिली ओळख आपल्याकडे बहुधा पाठांतराने होते. एच म्हणजे हायड्रोजन, एनए म्हणजे सोडियम, याची संयुजा एक, त्याची दोन. हे सगळं पुढे लागतंच. पण त्याआधी एखादा तरी अणू नीट ओळखीचा व्हायला हवा. माझी निवड सोडियमची, कारण त्याची सारी कहाणी या अकराव्या इलेक्ट्रॉनभोवती फिरते. हा एक इलेक्ट्रॉन समजला की रसायनशास्त्राचा गाभा समजला, असं मी बेधडक म्हणेन.

अणूच्या मध्यभागी अणुकेंद्र असतं. सोडियमच्या बाबतीत त्याचा व्यास अख्ख्या अणूच्या व्यासाच्या साधारण पन्नास हजाराव्या भागाएवढा, तरी अणूचं जवळजवळ सगळं वस्तुमान तिथेच एकवटलेलं. त्यात ११ प्रोटॉन आणि १२ न्यूट्रॉन. प्रोटॉन अकरा आहेत म्हणून ते सोडियम. दहा असते तर निऑन झाला असता, बारा असते तर मॅग्नेशियम. मूलद्रव्याची ओळख या एका आकड्यात आहे, हे १९१३ मध्ये हेन्री मोझली या तरुण इंग्रज शास्त्रज्ञाने क्ष-किरणांच्या मोजमापांवरून दाखवून दिलं. दोनच वर्षांनी, वयाच्या २७ व्या वर्षी, तो गॅलिपोलीच्या रणांगणावर मारला गेला. आवर्त सारणीतले अणुअंक पाठ करताना त्याचं नाव मुलांना कुणीतरी सांगायला हवं.

केंद्राभोवती अकरा इलेक्ट्रॉन. पहिल्या कवचात २, दुसऱ्यात ८. ही दोन्ही कवचं भरली. अकराव्याला आत जागाच नाही, म्हणून तो तिसऱ्या कवचात एकटा. शाळेत आपण हे २, ८, १ असं लिहून मोकळे होतो. पण शेवटच्या त्या एकाची अवस्था आकड्यांत पाहण्यासारखी आहे. अणूंच्या व्यवहारात ऊर्जा मोजण्यासाठी इलेक्ट्रॉन-व्होल्ट हे एकक वापरतात. अकरावा इलेक्ट्रॉन सोडियमपासून तोडायला असे ५.१४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट पुरतात. त्यानंतर दहावा तोडायचा म्हटलं तर लागतात ४७.३. नऊपटींहून जास्त! बाहेरच्या एकट्या इलेक्ट्रॉनला मधल्या दहांमुळे केंद्राची ओढ पुरती जाणवत नाही. आतले दहा मात्र घट्ट धरलेले. म्हणून रासायनिक क्रियेत सोडियम एक इलेक्ट्रॉन सोडतो, दुसरा सोडत नाही. ‘संयुजा एक’ या दोन शब्दांमागे हा एवढा फरक उभा आहे.

त्या पिवळ्या रंगाकडे पुन्हा येऊ, कारण त्याने माणसाला फार मोठी गोष्ट दाखवली. १८५९-६० च्या सुमारास जर्मनीतल्या हायडेलबर्गला रॉबर्ट बुन्सेन आणि गुस्ताव किर्शहोफ ज्योतीचा प्रकाश लोलकातून पाहत होते. प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरलेल्या जागी रेषा देतं, हे त्यांच्या ध्यानात आलं. सोडियमची रेषा तर इतकी संवेदनशील, की एका मिलिग्रॅमचा तीस लाखावा भाग एवढं मीठही ज्योतीत ओळखू येई. आणि सूर्याच्या वर्णपटात नेमक्या त्याच जागी काळी रेषा होती. याचा अर्थ सूर्याच्या वातावरणात सोडियम आहे आणि खालून येणारा तेवढाच प्रकाश तो शोषून घेतो. पंधरा कोटी किलोमीटरवरच्या सूर्यात काय आहे, हे मिठाच्या ज्योतीने सांगितलं.

पुढे १८ ऑगस्ट १८६८ ला भारतातून खग्रास सूर्यग्रहण दिसलं. फ्रान्सचे झान्सेन त्यासाठी गुंटूरला येऊन थांबले होते. सूर्याच्या कडेवरच्या ज्वालांमध्ये पिवळी रेषा दिसली आणि ती सोडियमचीच असणार असं अनेकांना वाटलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नॉर्मन लॉकयर यांनी इंग्लंडमधून, ग्रहण नसतानाच, ती रेषा पाहिली. ती सोडियमच्या जागेपासून किंचित सरकलेली होती, जेमतेम दीड-दोन नॅनोमीटर. एवढ्याशा फरकावरून एक नवं मूलद्रव्य हाती लागलं, हेलियम. पृथ्वीवर ते सापडायला १८९५ साल उजाडावं लागलं. आपल्याकडे हेलियमचा शोध विजयदुर्ग किल्ल्यावर लागला असं पुष्कळदा सांगितलं जातं. लॉकयर विजयदुर्गला आले होते, पण ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी, म्हणजे शोध लागून तीस वर्षांनी. विजयदुर्गचा मान त्यामुळे कमी होत नाही. हकीकत मात्र नीट सांगायला हवी.

आता खुद्द सोडियम. मीठ आपण रोज खातो, पण निखळ सोडियम फार थोड्यांनी पाहिलेला असतो. कॉलेजच्या प्रयोगशाळेत तो रॉकेलात बुडवून ठेवतात. चिमट्याने तुकडा बाहेर काढून सुरीने कापला की पाती सहज आत जाते आणि कापलेली बाजू चंदेरी झळकते. ही झळाळी बघता बघता मंद होते, कारण हवेतला ऑक्सिजन आणि दमटपणा लगेच कामाला लागतात. हा मऊपणा, ही चकाकी आणि यातून सहज वाहणारी वीज, तिन्हींचा कर्ता तोच अकरावा इलेक्ट्रॉन. धातूच्या तुकड्यात तो कुठल्याही एका अणूचा राहत नाही. सगळ्या अणूंचे असे इलेक्ट्रॉन सामाईक होतात, तुकडाभर फिरतात आणि अणूंना एकत्र धरून ठेवतात. प्रत्येकाचा वाटा एकच इलेक्ट्रॉन असल्याने ही पकड सैल असते. सोडियम ९८ अंश सेल्सिअसला वितळतो. पाणी उकळायच्या आतच.

हा धातू पहिल्यांदा सुटा केला हम्फ्री डेव्हीने, लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये, ऑक्टोबर १८०७ मध्ये. वितळलेल्या कॉस्टिक सोड्यातून त्याने बॅटरीची वीज सोडली. त्याआधी काहीच दिवस त्याने याच रीतीने पोटॅशपासून पोटॅशियम मिळवला होता. त्या वेळी धातूचे चमकते थेंब वर येऊन पेटताना पाहून तो आनंदाने खोलीभर नाचला, असं त्याचा मदतनीस असलेल्या चुलतभावाने नोंदवून ठेवलंय. मला या नोंदीचं फार अप्रूप वाटतं. जो पदार्थ तोवर कुणीच पाहिला नव्हता, तो समोर आल्यावर दुसरं काय करणार?

सोडियमचा तुकडा पाण्यात टाकला तर तो तरंगतो, चरचरत इकडेतिकडे धावतो, हायड्रोजन सोडतो आणि मोठा असेल तर स्फोट होतो. दीडशेहून जास्त वर्षं या स्फोटाचा खुलासा एवढाच होता की क्रियेच्या उष्णतेने हायड्रोजन पेटतो. पण यात एक अडचण होती. सोडियम आणि पाणी यांच्यामध्ये वाफेचा आणि वायूचा थर तयार झाला की क्रिया मंदावायला हवी. ती भडकते कशी? २०१५ मध्ये चेक शास्त्रज्ञ पावेल युंगविर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोडियम-पोटॅशियमच्या मिश्रधातूचा थेंब पाण्यात पडताना अतिवेगवान कॅमेऱ्याने टिपला. एका मिलिसेकंदाच्या आत त्या थेंबातून चहूबाजूंनी काटे फुटलेले दिसले. बाहेरचे इलेक्ट्रॉन इतक्या झपाट्याने पाण्यात निघून जातात की मागे उरलेले धनभारित अणू एकमेकांना ढकलून देतात आणि थेंब आतूनच फाटतो. पाण्याला नवा पृष्ठभाग मिळत जातो आणि क्रिया भडकते. शाळा-कॉलेजात पिढ्यान्‌पिढ्या दाखवलेल्या प्रयोगात हे दडलेलं होतं आणि ते कळायला एकविसावं शतक उजाडलं!

दुसऱ्या बाजूला क्लोरीन. १७ इलेक्ट्रॉन, मांडणी २, ८, ७. शेवटच्या कवचात एकाची जागा रिकामी, आणि ती भरण्यासाठी क्लोरीन जो समोर येईल त्याच्याशी क्रिया करतो. १७७४ मध्ये स्वीडनच्या शेले यांनी हा पिवळट हिरवा वायू तयार केला. ते मूलद्रव्य आहे हे १८१० मध्ये ठासून सांगितलं ते डेव्हीनेच. २२ एप्रिल १९१५ ला बेल्जियममध्ये ईप्रजवळ जर्मन सैन्याने हाच वायू वाऱ्यावर सोडला. हवेपेक्षा अडीचपट जड असल्याने तो खंदकांत उतरला आणि फुफ्फुसं जाळत गेला. आज ग्रामपंचायतीचा माणूस विहिरीत टीसीएल पावडर टाकतो तेव्हा रोगजंतू मारणारा क्लोरीन तोच, फरक मात्रेचा. एक सूचना इथेच देतो, कारण ती जिवाशी संबंधित आहे: संडास-बाथरूम धुवायचं अ‍ॅसिड आणि ब्लीच किंवा ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायूच बाहेर पडतो.

सोडियम आणि क्लोरीन एकत्र आले की मीठ होतं. कसं होतं, हे सांगताना बहुतेक ठिकाणी असं लिहिलेलं असतं की सोडियमला एक इलेक्ट्रॉन नको असतो, क्लोरीनला एक हवा असतो, देवघेव होते आणि दोघंही स्थिर होतात. मला ही गोष्ट अपुरी वाटते. हिशोब करून पाहा. सोडियमचा इलेक्ट्रॉन काढायला ५.१४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट खर्च येतो. क्लोरीनला तो मिळाल्यावर परत मिळतात ३.६१. म्हणजे नुसत्या देवघेवीत दीड इलेक्ट्रॉन-व्होल्टचा तोटाच आहे! सोडियम इलेक्ट्रॉन ‘द्यायला उत्सुक’ वगैरे काही नसतो. नफा होतो तो नंतर. इलेक्ट्रॉन गेल्यावर सोडियम धनभारित आयन होतो आणि आकाराने जवळजवळ निम्मा होतो. क्लोरीन ऋणभारित होऊन फुगतो. हे विरुद्ध भाराचे आयन एकमेकांच्या जवळ येतात, एक-दोन नव्हे, सगळे, आणि स्फटिकात रचले जातात. या रचनेतून जोडीमागे आठाहून जास्त इलेक्ट्रॉन-व्होल्ट बाहेर पडतात. दीडाचा तोटा त्यात कुठल्या कुठे जिरतो. मीठ तयार होतं ते कुणाच्या हौसेने नव्हे, तर या सामुदायिक आकर्षणाच्या जोरावर.

मिठाच्या अख्ख्या दाण्यात सोडियमचा आणि क्लोरीनचा असा वेगळा जोडरेणू कुठेच नसतो. हे उघडकीला आणलं लॉरेन्स ब्रॅगने, १९१३ मध्ये, मिठाच्या स्फटिकातून क्ष-किरण पाठवून. प्रत्येक सोडियम आयनाभोवती सहा क्लोरीन आयन. समोर-मागे, डावी-उजवीकडे, वर-खाली. प्रत्येक क्लोरीनभोवती तसेच सहा सोडियम. कोण कुणाचा, हा प्रश्नच उरत नाही. मिठाचा दाणा चौकोनी का, याचं उत्तरही यातच आहे: आतली मांडणी काटकोनांची, म्हणून बाहेरचा आकार घनाचा. या कामासाठी ब्रॅगला वडिलांबरोबर १९१५ चं नोबेल मिळालं तेव्हा तो २५ वर्षांचा होता. जुन्या रसायनशास्त्रज्ञांना मात्र ही गोष्ट पचेना. हेन्री आर्मस्ट्राँग यांनी पार १९२७ मध्ये ‘नेचर’मध्ये पत्र लिहून बुद्धिबळाच्या पटासारख्या या मांडणीवर आगपाखड केली. सोडियम क्लोराइड म्हणजे एक सोडियम आणि एक क्लोरीन यांची जोडी, हे आयुष्यभर शिकवलेल्या माणसाला तसं वाटणं मी समजू शकतो. पण स्फटिकाने दिलेला पुरावा स्पष्ट होता.

आता एक दाणा मोजू. बारीक मिठाचा, कड ०.३ मिलिमीटर असलेला. या एका कडेवर साधारण साडेदहा लाख आयन ओळीने बसतात. लांबी, रुंदी, उंची यांचा गुणाकार केला की एका दाण्यातली संख्या येते १.२ गुणिले दहाचा अठरावा घात. आपल्या जुन्या गणनेत एकं, दहं, शतं करत शेवटी परार्ध येतो, म्हणजे एकावर सतरा शून्यं. मिठाच्या एका दाण्यात असे बारा परार्ध आयन आहेत. जगातली ८०० कोटी माणसं मोजायला बसली, प्रत्येकाने दर सेकंदाला एक मोजला, आणि कुणीही झोपलं नाही, जेवलं नाही, तरी एक दाणा मोजून व्हायला जवळजवळ पावणेपाच वर्षं लागतील.

आणि एवढ्या संख्येत प्रमाण कधी चुकत नाही. शुद्ध मीठ उरणच्या मिठागरातलं असो, मृत समुद्रातलं असो की खाणीतून काढलेलं सैंधव, १०० ग्रॅममध्ये ३९.३ ग्रॅम सोडियम आणि ६०.७ ग्रॅम क्लोरीन. संयुगांतली अशी पक्की प्रमाणं पाहूनच मँचेस्टरच्या जॉन डाल्टनने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ताडलं की पदार्थ मोजता येण्याजोग्या नगांचे बनलेले असले पाहिजेत. त्याच्या हाती होता तो तराजू आणि तर्क.

आयन स्फटिकातून सुटणं आणि पुन्हा स्फटिकात बसणं, या उलटसुलट दोन्ही क्रिया मिठागरात दिसतात. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार विरघळलेले असतात. विरघळणं म्हणजे काय? पाण्याचा रेणू वाकडा असतो. त्याची ऑक्सिजनची बाजू किंचित ऋण, हायड्रोजनची किंचित धन. हे रेणू आयनांना घेरतात, आपापली बाजू वळवून एकेकाला दाण्यातून सोडवून नेतात. उन्हाने पाणी आटत आटत दहाव्या हिश्शावर आलं की घेरायला रेणू पुरत नाहीत आणि आयन पुन्हा आपापल्या जागी बसू लागतात. मॅग्नेशियमचे क्षार मागच्या कडू पाण्यात राहतात. त्यातला थोडा अंश खड्या मिठाला चिकटून येतो आणि तो हवेतली ओल ओढून घेतो. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं, त्याचं हेही एक कारण.

आपल्या शरीरात शंभर ग्रॅमच्या आसपास सोडियम असतो, आणि त्यातल्या एकाही अणूकडे अकरावा इलेक्ट्रॉन नसतो. म्हणूनच आपण सुरक्षित आहोत. हे आयन मज्जापेशींच्या बाहेर जास्त आणि आत कमी असतात, आणि हा फरक टिकवायला शरीर सतत ऊर्जा खर्च करतं. पेशीच्या आवरणात सोडियमसाठीच असलेली सूक्ष्म द्वारं मिलिसेकंदभर उघडतात, आयन आत घुसतात आणि विजेचा संदेश पुढे सरकतो. हॉजकिन आणि हक्सली यांनी माखलीच्या जातीतल्या स्क्विडच्या जाड मज्जातंतूवर काम करून १९५२ मध्ये हे गणितासह मांडलं. ही ओळ वाचतानाही तुमच्या डोळ्यांमागच्या मज्जातंतूंत हेच चाललंय.

या सगळ्या प्रवासात सोडियमच्या अणुकेंद्राला कुणीही हात लावलेला नाही. ज्योतीने नाही, डेव्हीच्या बॅटरीने नाही, समुद्राने नाही, मेंदूने नाही. हे अणुकेंद्र सूर्यापेक्षा कितीतरी मोठ्या ताऱ्यांच्या पोटात तयार झालं आणि आजही जसंच्या तसं आहे. पिवळा प्रकाश, मऊ धातू, पाण्यातला स्फोट, मिठाची चव, हे सगळे फरक एका बाहेरच्या इलेक्ट्रॉनचे: तो कुठे आहे, कुणाकडे आहे, की निघून गेलाय.

आठवीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘अणूचे अंतरंग’ नावाचा धडा आहे. घरात आठवीतलं मूल असेल तर २, ८, १ पाठ करून घेण्याआधी त्याच्याबरोबर एक काम करा. अर्धा कप गरम पाण्यात खडं मीठ घालत राहा, तळाशी थोडं न विरघळता उरेपर्यंत. बारीक मीठ नको, त्यात मीठ मोकळं राहण्यासाठी इतर पदार्थ घातलेले असतात. पाणी स्वच्छ फडक्यातून गाळून पसरट बशीत ओता आणि बशी अशा जागी ठेवा जिथे कुणी हलवणार नाही. काही दिवसांत तळाशी घनाकार स्फटिक दिसायला लागतील. साधं भिंगही पुरेल. पावसाळ्यात मात्र हे करू नका, हवेतल्या ओलीने पाणी आटत नाही. दिवाळीच्या सुट्टीत, हवा कोरडी झाल्यावर, जरूर करा.